पोर्ट सेट करताना वायरचं दुसरं टोक बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचा टॉवेलचा कारखाना. जुने दोन साधे स्विच काढून तुम्ही २४ पोर्टचा मॅनेज्ड पीओई स्विच बसवलात, म्हणजे वेबपानावरून सेटिंग करता येणारा आणि नेटच्याच वायरीतून कॅमेऱ्यांना वीज देणारा. १ आणि २ नंबरवर वायफायचे ॲक्सेस पॉइंट, ३ ते १६ वर कॅमेरे, १७ ते २० वर ऑफिसचे कॉम्प्युटर, २१ वर कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, २२ वर राउटर. तक्रारी तीन आहेत. १७ नंबरवरच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरची लिंक सारखी तुटायची. बोलावलेल्या माणसाने तो पोर्ट ‘हंड्रेड फुल’वर (वेग १०० मेगाबिट, फुल ड्युप्लेक्स) फिक्स केला, तेव्हापासून लिंक टिकते, पिंगही (समोरचं यंत्र उत्तर देतंय का हे बघणारं छोटं पॅकेट) झटपट येतो, पण शेजारच्या कॉम्प्युटरवरची फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागतं. संध्याकाळी सात वाजले की १६ नंबरचा कॅमेरा बंद-चालू व्हायला लागतो आणि उजाडलं की आपोआप सुधारतो. आणि कॅमेरे ऑफिसपासून वेगळे करायला म्हणून व्हीलॅन (एकाच स्विचमध्ये पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं) करायला गेलात तेव्हा स्विचचं पानच उघडेना, शेवटी टाचणी घालून रीसेट करावा लागला. खाली एक ओळ: ‘सर, कुठल्या पोर्टला काय सेटिंग ठेवू याची यादी द्या.’

यादी देणं सोपं आहे, पण तिच्यानेच तुमचं काम बिघडेल. पोर्टची जवळजवळ प्रत्येक सेटिंग दोन टोकांनी मिळून पाळायची असते. एक टोक स्विचमध्ये, दुसरं भिंतीपलीकडे कुठेतरी. स्विचच्या पानावर बसून माणूस अलीकडचं टोक बदलतो आणि पलीकडचं विसरतो. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ हेच आहे. त्यामुळे स्विचला हात लावण्याआधी एक वही घ्या, प्रत्येक पोर्टची वायर हाताने धरून शेवटपर्यंत चालत जा, आणि तिथे काय आहे ते लिहा. ‘कॅमेरा’ एवढंच नको. ‘कॅमेरा, मागचं गेट, फिरणारा, बाहेरचा’ असं. तेच नाव पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून कोणी करत नाही, आणि मग रात्री नऊला मला फोन येतो.

आता १७ नंबर. इथे एका चुकीवर दुसरी चढवलेली आहे.

‘ऑटो’चा अर्थ बरेच जण ‘काहीही चालेल’ असा घेतात. तसं नाही. वायर जोडली की दोन्ही टोकं एकमेकांना सांगतात की मला १०, १००, १००० मेगाबिट एवढे वेग जमतात, हाफ (एका वेळी एकानेच पाठवायचं) जमतं, फुल (दोघांनी एकदम पाठवायचं) जमतं. आणि दोघांना जमणारं सगळ्यात वरचं धरतात. तुमच्या माणसाने स्विचवर १०० फुल फिक्स केलं, तसा स्विच हे बोलणंच बंद करून बसला. पलीकडे कॉम्प्युटर मात्र ऑटोवरच. त्याला समोरून उत्तर येत नाही. सिग्नलच्या धाटणीवरून वेग १०० आहे एवढं तो ओळखतो, पण फुल की हाफ हे त्यावरून कळत नाही. अशा वेळी हाफ धरायचं, असा नियमच आहे. झालं, स्विच फुलवर आणि कॉम्प्युटर हाफवर.

हाफवाला पाठवण्याआधी वाट मोकळी आहे का बघतो. फुलवाला बघत नाही, त्याच्या हिशेबाने जायची आणि यायची वाट वेगळी आहे. कॉम्प्युटर निम्मी फ्रेम, म्हणजे डेटाचा एक तुकडा, पाठवून झालेला असतो आणि तेवढ्यात समोरून फ्रेम येते. त्याला वाटतं टक्कर झाली, तो आपली फ्रेम अर्धवट सोडतो. ती अर्धवट फ्रेम स्विचच्या खात्यात सीआरसी किंवा एफसीएस एरर (खराब पोचलेली फ्रेम) म्हणून जमा होते, कॉम्प्युटरच्या खात्यात लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर) म्हणून. पिंगचं पॅकेट छोटं, एक जातं आणि मग एक येतं, दोन्हीकडून एकदम वाहतूक होतच नाही. म्हणून पिंग झकास आणि फाइल मरतुकडी. नेट हळू असताना कोणी पिंग दाखवून ‘लाइन ओके आहे’ म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि एक मोठी फाइल कॉपी करून दाखवा.

खात्री करायची तर स्विचच्या पानावर पोर्ट स्टॅटिस्टिक्स उघडा, १७ चे आकडे शून्यावर आणा, पाचशे एमबीची एखादी फाइल इकडून तिकडे करा आणि पुन्हा बघा. चांगल्या पोर्टवर सीआरसीचा आकडा शून्य असतो, आणि महिनाभराने बघितलं तरी शून्यच असतो. जुने साठलेले आकडे बघून घाबरू नका. आत्ता वाढतायत का तेवढंच महत्त्वाचं.

पण त्या माणसाला १०० फुल करावंसं का वाटलं? तो अगदीच अडाणी नव्हता. गिगाबिटवर, म्हणजे १००० च्या वेगावर, लिंक तुटत होती, १०० वर टिकली, तो खूश होऊन गेला. त्याने हे विचारलं नाही की गिगाबिट का टिकत नाही. १०० च्या वेगाला केबलीतल्या चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या, म्हणजे नेहमीच्या रंगक्रमात नारिंगी आणि हिरवी जोडी. गिगाबिटला आठही लागतात. गंमत अशी की वेगाची बोलणी त्या नारिंगी-हिरव्या जोड्यांवरच होते. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असली तरी दोन्ही टोकं ‘हो, हजार जमेल’ म्हणून मोकळी होतात, आणि प्रत्यक्ष हजारवर जायची वेळ आली की लिंक पडते. पुन्हा बोलणी, पुन्हा होकार, पुन्हा पडझड. काही नेटवर्क कार्डं दोन-चार प्रयत्नांनंतर शहाणी होऊन १०० वर उतरतात, काही दिवसभर तेच करत बसतात.

१७ नंबरची भिंतीवरची पेटी उघडून बघा. माझा अंदाज असा, की एकाच केबलीच्या चार तारा एका सॉकेटला आणि उरलेल्या चार शेजारच्या सॉकेटला दिलेल्या असतील. इमारतीची वायरिंग करणारे हे हमखास करायचे, एका केबलीत दोन कॉम्प्युटर, केबल वाचली. शंभरच्या जमान्यात ते चाललंही. तसं निघालं तर दुसरी केबल ओढा, आठही तारा एकाच सॉकेटला द्या आणि पोर्ट ऑटोवर सोडा. तांब्याच्या वायरीवर गिगाबिटला ऑटो हवंच. दोन्ही टोकांपैकी घड्याळाचा ताल कोणी द्यायचा हेसुद्धा त्याच बोलणीत ठरतं. केबल ओढायला महिना लागणार असेल तर तोवर स्विचवर ऑटो चालू ठेवून फक्त १०० जाहीर करायची सोय आहे का बघा. नसेल तर १०० फुल करा, पण दोन्हीकडे, कॉम्प्युटरच्या कार्डातसुद्धा.

एखादं जुनं यंत्र, वजनकाटा किंवा जेकॉर्डचा जुना कंट्रोलर, बोलणी न करणारा आणि १० हाफवालाच असेल, तरी आपला पोर्ट ऑटोवर ठेवून चालतं. वर सांगितलेला ‘उत्तर नाही आलं तर हाफ धर’ हा नियम तिथे आपल्याच उपयोगी पडतो. मी २० वर्षांत वेग हाताने फिक्स करण्याचं खरं कारण असलेले पोर्ट बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेत.

कॅमेऱ्याची तक्रार मला सगळ्यात आवडली, कारण तुम्ही वेळ लिहिलीत. ‘सातला’ हा शब्द नसता तर मीही केबल, कनेक्टर, कॅमेरा असं शोधत बसलो असतो. सातला अंधार पडतो. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात. दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो.

पीओईचे आकडे एकदा नीट समजून घ्या. २००३ च्या ८०२.३ एएफ स्टँडर्डप्रमाणे स्विच एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत देतो, वायरीत थोडी जाऊन पलीकडे १२.९५ मिळण्याची हमी असते. २००९ च्या एटीमध्ये स्विचकडून ३० वॉट, पलीकडे २५.५. २०१८ च्या बीटीमध्ये ते ६० आणि ९० वॉटपर्यंत गेलं, पण ते तुम्हाला लागत नाही. हे झालं एका पोर्टचं. सगळ्या पोर्टांचं मिळून एक वेगळं बजेट असतं आणि खोक्यावर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. २४ पोर्टांना प्रत्येकी १५.४ द्यायचे तर जवळपास ३७० वॉट हवेत. तुमच्या स्विचच्या पाटीवर १५० लिहिलंय, म्हणजे सगळ्यांना भरपेट जेवण नाहीच.

आता हिशेब करा. साधा कॅमेरा दिवसा ५ वॉट, रात्री दिवे लागल्यावर ९ धरू. फिरणारा कॅमेरा रात्री २१. दोन ॲक्सेस पॉइंट मिळून १६. दिवसा काही प्रश्नच नाही, बजेटमध्ये भरपूर जागा शिल्लक राहते. रात्री तेरा कॅमेऱ्यांचे ११७, फिरणाऱ्याचे २१ आणि हे १६, बेरीज १५४. चारच वॉटनी ओलांडलं. बजेट संपलं की स्विच कुणाला तरी उपाशी ठेवतो, आणि प्राधान्य सगळ्यांचं सारखं असेल तर बहुतेक स्विच मोठ्या नंबरच्या पोर्टवर ती संक्रांत आणतात. तुमचा १६ नंबर शेवटचा. तो बंद झाला, बेरीज १४५ झाली, स्विचला वाटलं जागा आहे, पुन्हा वीज दिली. कॅमेरा उठताना ४ वॉटच ओढतो, म्हणून उठला. मग दिवे लागले, पुन्हा १५४, पुन्हा बंद. रात्रभर हाच खेळ. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे खरे आकडे पीओईच्या पानावर पोर्टनिहाय दिसतील. ते रात्री साडेसातला बघा. दुपारी बघून उपयोग नाही.

सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे फिरणाऱ्या कॅमेऱ्याला त्याचा वेगळा इंजेक्टर, म्हणजे वायरीत वीज सोडणारा छोटा डबा, द्या आणि त्या पोर्टचं पीओई बंद करा. २१ वॉट एकदम मोकळे. शिवाय मुख्य गेट आणि तिजोरीच्या खोलीचा कॅमेरा यांचं प्राधान्य ‘क्रिटिकल’ करा, बाकीच्यांचं ‘लो’ राहू द्या. पुढे कधी बजेट कमी पडलंच तर कोण अंधारात जाणार हे तुम्ही ठरवलेलं असेल. काही स्विच प्रत्यक्ष वापर न मोजता कॅमेऱ्याने सांगितलेल्या क्लासप्रमाणे, म्हणजे जास्तीत जास्त किती लागेल त्या गटाप्रमाणे, वीज राखून ठेवतात. तसं असेल तर वापर १०० दिसत असतानाच बजेट संपल्याचं दाखवेल. पानावर ‘क्लास’ की ‘ॲक्चुअल’ असा पर्याय शोधा.

बजेटमध्ये सगळं बसूनही कॅमेरा रात्रीच पडत असेल तर मग केबल बघा. शेवटच्या कॅमेऱ्याच्या केबलीची एक तार ब्लेडने खरवडा. आतून लाल-तांबूस निघाली तर तांबं. वरचा मुलामा जाऊन आत पांढरी चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा लेप दिलेली केबल तुमच्या गळ्यात मारलेली आहे. तिचा विरोध तांब्याच्या साधारण दीडपट. ऐंशी मीटरवर दिव्यांचा लोड आला की व्होल्टेज खाली येतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. स्विचवरच्या कुठल्याही सेटिंगने ही केबल सुधारत नाही.

‘पीओई पोर्टला चुकून कॉम्प्युटर लावला तर जळेल का?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण सगळे विचारतात. नाही जळणार. स्टँडर्डवाला स्विच आधी पलीकडे ठराविक विरोध आहे का ते चाचपतो आणि सापडला तरच वीज सोडतो. न विचारता २४ व्होल्ट सोडणारे जुन्या धाटणीचे इंजेक्टर मिळतात, त्यांच्यापासून मात्र लांब राहा.

व्हीलॅनकडे येऊ. इथे तुम्ही नक्की काय केलंत ते मला न बघता दिसतंय. लॅपटॉप २० नंबरवर लावला होता. व्हीलॅन १० तयार केला, १७ ते २० त्यात टाकले, ‘अप्लाय’ दाबलं आणि पान गोल फिरत बसलं. स्विचचा स्वतःचा पत्ता अजून व्हीलॅन १ मध्ये होता आणि तुम्ही स्वतःला १० मध्ये नेऊन बसवलंत. ज्या फांदीवर बसलो तीच. मीसुद्धा हे केलंय, आणि तेही ग्राहकासमोर.

यावर माझा एक साधा नेम आहे. शेवटचा पोर्ट, तुमचा २४, व्हीलॅन १ मध्ये तसाच ठेवायचा, त्यावर लाल टेप लावायची, आणि स्विचचं काम नेहमी तिथेच लॅपटॉप लावून करायचं. लॅपटॉपला स्विचच्याच रांगेतला पत्ता हाताने द्यायचा, डीएचसीपीच्या (राउटरकडून आपोआप पत्ता मिळण्याच्या) भरवशावर राहायचं नाही. २४ ची कुठलीही सेटिंग कधीच बदलायची नाही.

मग व्हीलॅन. नंबर १ ते ४०९४ मधला कुठलाही चालतो. ऑफिसला १०, कॅमेऱ्यांना २०, पाहुण्यांच्या वायफायला ३० असं ठेवा, लक्षात राहतं. पलीकडे काय आहे हाच प्रश्न पुन्हा विचारायचा. पलीकडे कॅमेरा आहे, त्याला व्हीलॅन ही भानगड माहीतच नाही. त्याच्या फ्रेमवर व्हीलॅनच्या नंबरची चिठ्ठी, म्हणजे टॅग, नसते. म्हणून तो पोर्ट २० मध्ये अनटॅग्ड. पलीकडे राउटर आहे आणि त्याला १०, २०, ३० वेगवेगळे ओळखायचेत, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर चिठ्ठी हवी. तो पोर्ट तिन्हींमध्ये टॅग्ड. काही कंपन्या पहिल्याला ॲक्सेस आणि दुसऱ्याला ट्रंक म्हणतात, गोष्ट तीच. ॲक्सेस पॉइंट मधला प्रकार आहे, त्याचं स्वतःचं व्यवस्थापन अनटॅग्ड आणि वायफायची नावं टॅग्ड.

आणि आता ती जागा जिथे दहातले आठ जण अडकतात. वेबपानावरून चालवायच्या स्वस्त स्विचमध्ये दोन वेगळे तक्ते असतात. एकात कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनचा सभासद आहे ते, टॅग्ड की अनटॅग्ड. दुसऱ्यात पीव्हीआयडी. पहिला तक्ता मुख्यतः बाहेर जाणाऱ्या फ्रेमचं ठरवतो, चिठ्ठी ठेवायची की काढायची. पीव्हीआयडी आत येणाऱ्या बिनचिठ्ठीच्या फ्रेमला कुठला नंबर चिकटवायचा ते ठरवतो. माणसं पहिला तक्ता मन लावून भरतात आणि पीव्हीआयडी १ वरच राहतो. मग २० मधलं सगळं कॅमेऱ्यापर्यंत पोचतं, पण कॅमेऱ्याचं उत्तर १ मध्ये जाऊन पडतं. एकाच बाजूने बोलणं. ३ ते १६ आणि २१ या सगळ्यांचा पीव्हीआयडी २० करा, आणि त्यांना व्हीलॅन १ च्या सभासदत्वातून काढा. ही दोन कामं वेगळी आहेत, दुसरंही लोक विसरतात.

राउटर व्हीलॅन ओळखणारा आहे का ते आधी तपासा. नेट देणाऱ्याने फुकट दिलेला डबा बहुधा नसतो. तो नसेल तर १० आणि २० एकमेकांना कधीच दिसणार नाहीत, आणि काकांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कॅमेरे बघायचे असतात हे मी गृहीत धरतो. व्हीलॅनवाला छोटा राउटर घ्या, त्यावर ऑफिसकडून कॅमेऱ्यांकडे जायला परवानगी द्या, कॅमेऱ्यांकडून ऑफिसकडे आणि बाहेर इंटरनेटवर नको. मोबाइलवर कॅमेरे बघायचे असतील तर फक्त रेकॉर्डरला बाहेर जाऊ द्या.

कुठे मध्येच टेबलाखाली पाच पोर्टचा साधा स्विच लपलेला असेल तर त्यावरचं सगळं एकाच व्हीलॅनमध्ये जाईल हे ध्यानात ठेवा. अर्धे कॅमेरे आणि एक कॉम्प्युटर त्यावर असेल तर वेगळं करायचं तिथेच फसलं.

लूपबद्दल, म्हणजे वायरींची गोल वाट होण्याबद्दल, तुम्ही काही विचारलं नाही, पण कारखान्यात हे सांगितल्याशिवाय मी उठत नाही. एका चादरीच्या कारखान्यात खंडेनवमीच्या आदल्या दिवशी साफसफाई झाली. मागावरचे, रॅकवरचे सगळे सुताचे तंतू झाडले, रॅकलाही झेंडूची माळ घातली. दसऱ्यानंतर कामाला लागले तर काहीच चालेना. कॉम्प्युटर नाही, कॅमेरे नाहीत, बायोमेट्रिक नाही. मी गेलो तर स्विचचे सगळे दिवे एका लयीत, पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. तो लय एकदा बघितला की जन्मात विसरत नाही. साफसफाई करणारा मुलगा बाजूला उभा. ‘मी काय नाय केलो साहेब, वायरचं टोक मोकळं लोंबत होतं, खाली जागा होती, खोचलो.’ वायरचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. त्याची काय चूक? मोकळं लोंबणारं टोक माळेखाली वाईट दिसतं.

एका ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या, फ्रेमने ते सगळं बंद पाडलं होतं. आयपी पॅकेटला किती उड्या मारायच्या याचा आकडा असतो, तो संपला की पॅकेट मरतं. इथरनेटच्या फ्रेमला असं आयुष्य नसतं. गोल वाट मिळाली की ती फिरतच राहते, आणि प्रत्येक फेरीत तिच्या प्रती सगळ्या पोर्टांवर जातात. यावरचा उपाय रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ च्या सुमारास काढला, स्पॅनिंग ट्री. स्विच एकमेकांशी बोलून गोल वाट ओळखतात आणि एक पोर्ट अडवून ठेवतात. तुमच्या स्विचवर ते आहे, चालू आहे का ते बघा, आणि जुन्या एसटीपीऐवजी त्याचाच वेगवान प्रकार, आरएसटीपी, निवडा. जुन्या पद्धतीत पोर्ट जोडल्यावर पंधरा अधिक पंधरा, अशी तीस सेकंदं तो नुसता ऐकत आणि शिकत बसतो. तोवर कॉम्प्युटर पत्ता मागून दमतो आणि स्वतःलाच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता देऊन घेतो. सकाळी ‘नेट नाही, वायर काढून घातली की चालतं’ अशी तक्रार येते ती बहुधा हीच.

म्हणून ज्या पोर्टच्या पलीकडे नक्की कॉम्प्युटर किंवा कॅमेराच आहे तिथे ‘एज पोर्ट’ चालू करा, काही ठिकाणी त्याला पोर्टफास्ट म्हणतात. सोबत बीपीडीयू गार्ड, म्हणजे कुणी तिथे दुसरा स्विच लावला आणि त्याने स्पॅनिंग ट्रीची भाषा काढली की पोर्ट आपोआप बंद. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर मात्र हे दोन्ही लावू नका. टेबलाखालचा साधा स्विच ही भाषा स्वतः बोलत नाही, म्हणून लूप डिटेक्शन किंवा ब्रॉडकास्टचा पूर अडवणारा स्टॉर्म कंट्रोलही लावून ठेवा.

बाकीच्यात फार वेळ घालवू नका. फ्लो कंट्रोल बंद. जंबो फ्रेमची तुम्हाला गरज नाही. ऊर्जा वाचवणारं ग्रीन इथरनेट जुन्या यंत्रांना कधीकधी सोसत नाही; लिंक विनाकारण तुटत असेल आणि केबल चांगली असेल तर ते बंद करून बघा. डीएचसीपी स्नूपिंग असेल तर चालू करा आणि २२ नंबरलाच ट्रस्टेड ठेवा, म्हणजे कुणी घरचा जुना राउटर वायफायसाठी उलटा जोडला तरी तो सगळ्यांना भलते पत्ते वाटणार नाही. दोन वायरी जोडून वेग दुप्पट करायचा विचार असेल तर सोडा. एका कॉम्प्युटरची एक कॉपी एकाच वायरीवरून जाते. पोर्ट सिक्युरिटी, म्हणजे ठरलेल्या यंत्रालाच पोर्ट वापरू देणं, ऑफिसच्या पोर्टांवर मी लावत नाही, कॉम्प्युटर बदलला की पोर्ट बंद होतो आणि सुट्टीच्या दिवशी धावावं लागतं. पण कंपाउंडच्या भिंतीवरचे बाहेरचे कॅमेरे वेगळे. तिथे कुणीही कॅमेरा काढून लॅपटॉप खोचू शकतो. त्या पोर्टांवर एकच मॅक पत्ता, म्हणजे त्या कॅमेऱ्याचाच ओळख क्रमांक, चालेल असं लावा. २४ सोडून वापरात नसलेले पोर्ट बंद ठेवा.

सेव्हचं बटण वेगळं असतं हे लक्षात असू द्या. बऱ्याच स्विचमध्ये ‘अप्लाय’ केलेलं फक्त चालू मेमरीत राहतं. लाइट गेली की जुनं परत. याचा फायदा असा की व्हीलॅन करताना बाहेर अडकलात तर सेव्ह न करता स्विच बंद-चालू करा, टाचणीची गरज नाही. तोटा असा की सगळं नीट करून सेव्ह विसरलात तर पुढच्या लोडशेडिंगला सगळं पाण्यात. काही स्वस्त स्विच मात्र अप्लायलाच कायमचं लिहून टाकतात, तुमचा त्यातला आहे का ते आधी एखाद्या पोर्टचं नाव बदलून, बंद-चालू करून बघा. शेवटी कॉन्फिगरेशनची फाइल उतरवून काकांच्या पेनड्राइव्हवर ठेवा. आणि पासवर्ड अजून ‘ॲडमिन’ असेल तर आजच बदला.

रॅक कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. लूमच्या शेडमध्ये पत्र्याखाली असेल तर आधी तो ऑफिसात हलवा. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा ४२-४३ पर्यंत जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि स्विचच्या पंख्यावर सुताच्या तंतूंची गोधडी बसते. शेड आणि ऑफिस यांच्यात शंभर मीटरहून जास्त अंतर असेल किंवा दोन्हीकडची अर्थिंग वेगळी असेल तर मध्ये फायबर टाका.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करा हे, कामाच्या दिवशी नको. आधी फिरणाऱ्या कॅमेऱ्याचा इंजेक्टर, मग १७ नंबरची पेटी, मग २४ ला लाल टेप आणि व्हीलॅन, कॅमेऱ्यांचे पोर्ट एक-एक करून, प्रत्येकानंतर रेकॉर्डरवर चित्र बघत. रात्री साडेसातला पीओईच्या पानाचा आणि १७ च्या सीआरसीच्या आकड्याचा फोटो काढून पाठवा. १७ ची पेटी उघडल्यावर निळी-तपकिरी जोडी कुठे जाते तेही कळवा, मला उत्सुकता आहे.